आधी विचारपूस, मग काम: घानात शिकायला किंवा स्वयंसेवेला जाणाऱ्यांसाठी

घानाला शिकायला किंवा एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून निघालेल्या मुलामुलींचे प्रश्न ठरलेले असतात. व्हिसा कसा मिळेल, मलेरियाचं काय, शाकाहारी माणसाने खायचं काय, एकटीने फिरता येईल का. त्यांतल्या बहुतेकांची उत्तरं पुढे येतीलच. पण तिथलं रोजचं जगणं ज्यावर सुरळीत चालतं किंवा अडतं, ते सहसा कुणी विचारत नाही. घानात समोरच्याची विचारपूस झाल्याशिवाय कामाचा विषय काढायचा नसतो. विद्यापीठाच्या खिडकीवर, भाजीवालीकडे, टॅक्सीत, दवाखान्यात, सगळीकडे हाच नियम. "हा फॉर्म कुठे द्यायचा?" असं थेट सुरू करणारा परदेशी तिथे उर्मट ठरतो, मग त्याचं इंग्रजी कितीही फर्डं असो.

निघण्याआधी

पहिलं काम पीतज्वराच्या लशीचं. या लशीचं पिवळं कार्ड नसेल तर घानात प्रवेश नाही. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्याच केंद्रांवर मिळते, तिथे आधी नाव नोंदवावं लागतं आणि कधी कधी तारीख लांबची मिळते. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी लस घेतलेली असायला हवी, त्यामुळे तिकीट काढलं की लगेच हे काम हातात घ्या. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. एकदा घेतलेली लस २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरली जाते. कार्ड जपून ठेवा, कारण परतताना भारतातही ते तपासतात आणि नसेल तर ६ दिवस विलगीकरणात ठेवू शकतात.

मलेरियाबाबत "आपल्याकडेही असतो की" म्हणून निष्काळजी राहू नका. घानातला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे अंगावर काढला तर जिवावर बेतणारा. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या आणि किती दिवस घ्यायच्या हे इथल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तिथे ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. भारतात परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तरी "मी पश्चिम आफ्रिकेतून आलो आहे" हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

व्हिसा घानाच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडून. इथे एक बारकावा आहे. व्हिसावर लिहिलेली मुदत आणि विमानतळावरचा अधिकारी शिक्क्यावर लिहून देतो ते दिवस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्क्यावरचा आकडा काउंटर सोडण्याआधी वाचा. त्यानंतरची मुदतवाढ आणि निवास परवाना घाना इमिग्रेशन सर्व्हिसकडे होतो. विद्यार्थ्यांना विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय मदत करतं. स्वयंसेवकांनी मात्र परवाना कोण काढणार आणि पैसे कोण भरणार, हे संस्थेकडून निघण्याआधीच लेखी घ्यावं. ९० दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर परदेशी नागरिकांचं घाना कार्डही काढावं लागतं.

सामानात तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा ॲडॉप्टर, चांगली पॉवर बँक, हिंग आणि घरचा मसाला घ्या. लष्करी ठिपक्यांचे कपडे नकोत, सामान्य नागरिकाने ते घालायला तिथे बंदी आहे. वेदनाशामक गोळ्या न्यायच्याच असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. ट्रामाडॉलच्या व्यसनाने पश्चिम आफ्रिका त्रासली आहे आणि त्यातला बराच माल भारतातून गेलेला आहे, त्यामुळे भारतीयाच्या बॅगेतल्या पाकिटांकडे बारकाईने पाहिलं जाऊ शकतं.

आणि इस्त्रीचे कपडे! "आफ्रिकेत चाललोय" म्हणून फाटक्या जीन्स आणि विटके टीशर्ट भरणारे स्वयंसेवक मी पाहिले आहेत. ज्या शाळेत ते शिकवायला जातात, तिथला शिक्षक कडक इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून उभा असतो. गबाळं राहणं हा तिथे साधेपणा मानत नाहीत, तो समोरच्याचा अपमान समजतात. तीच गोष्ट अंघोळीची. दोनदा अंघोळ ही तिथली रीत आहे, आणि बादली-तांब्याची सवय असलेल्या आपल्याला ती जड जात नाही.

पहिला आठवडा

उतरल्यावर सिमकार्ड घ्या. पासपोर्टवर नोंदणी होते. त्याच नंबरावर मोबाइल मनीचं खातं उघडा, सगळे त्याला "मोमो" म्हणतात. आपल्याकडे यूपीआयचं जे स्थान, तेच तिथे मोमोचं. भाडं, फी, केळी, टॅक्सी, सगळं त्यावर चालतं. रस्त्यावर छत्रीखाली टेबल टाकून बसलेले एजंट रोख पैसे खात्यात भरून देतात आणि काढूनही देतात. "चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत पाठवा" असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजा.

चलन सेडी, आणि १०० पेसेवांचा एक सेडी. २००७ साली जुन्या १०,००० सेडींचा एक नवा सेडी केला गेला, त्यामुळे एखाद्या म्हातारीने हजारांत भाव सांगितला तर दचकू नका. बदलून घ्यायला डॉलर न्या, कोऱ्या आणि न चुरगाळलेल्या नोटा. रुपयांवर विसंबू नका. मोठी नोट मोडून मिळण्याची मारामार असते, म्हणून सुटे हातात आले की खर्चू नका, साठवा.

घरी फोन करण्याचं गणितही पहिल्याच आठवड्यात बसवून टाका. घानाची वेळ आपल्यामागे साडेपाच तास. तिथले दुपारचे तीन म्हणजे इथे रात्रीचे साडेआठ, आई-बाबा जेवून निवांत बसलेले. तुमच्या रात्री आठला फोन केलात तर त्यांच्याकडे दीड वाजलेला असतो.

आणखी एक काम, हे खरं तर निघण्याआधीचंच. तुमचा जन्म कोणत्या वारी झाला ते शोधून काढा. अकान या घानातल्या सर्वांत मोठ्या समाजात जन्मवारावरून नाव पडतं. सोमवारचा मुलगा कोजो, मुलगी अजोआ. मंगळवारी क्वाबेना आणि अबेना, बुधवारी क्वाकू आणि अकुआ, गुरुवारी याव आणि या, शुक्रवारी कोफी आणि अफुआ, शनिवारी क्वामे आणि अमा, रविवारी क्वासी आणि अकोसुआ. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान शुक्रवारचे, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. "माझं नाव सिद्धी, पण मी अबेना" एवढं सांगितलं की अनोळखी गल्लीतही हसून स्वागत होतं. तुमचं नाव त्यांना उच्चारता येईल की नाही हा प्रश्नही तिथेच मिटतो.

विचारपूस कशी करायची

इंग्रजी सरकारी भाषा आहे, त्यामुळे अडत काही नाही. पण चार शब्द ट्वी भाषेतले हवेतच. सकाळी "माच्ये", दुपारी "माहा", संध्याकाळी "माजो". "एते सेन?" म्हणजे कसं काय. त्यावर "एये", म्हणजे बरं आहे. आभाराला "मेदासे". काही मागण्याआधी "मेपाचेव", म्हणजे कृपा करून. राजधानी अक्रा ही मुळात गा लोकांची भूमी, पूर्वेकडे व्होल्टा भागात एवे बोलतात, उत्तरेला तमालेत दागबानी. ट्वी सगळीकडे थोडीफार कळते, पण तमालेत सकाळी "दासिबा" म्हणून पाहा. उत्तर "ना" येईल. तो नकार नव्हे, नमस्काराला दिलेला प्रतिसाद आहे.

रीत अशी की जो येतो त्याने आधी बोलायचं. खोलीत पाच माणसं बसली असतील तर उजवीकडून सुरुवात करून डावीकडे जात सगळ्यांशी हात मिळवायचा, मध्येच ओळखीचा दिसला म्हणून तिकडे उडी मारायची नाही. तरुण मंडळी हात मिळवताना शेवटी मधल्या बोटांची टिचकी वाजवतात. दोन दिवसांत जमते. वडीलधाऱ्यांसमोर मात्र आपण हात पुढे करायचा नाही, त्यांनी केला तर धरायचा. डोक्यावरची टोपी काढायची, खिशातले हात बाहेर.

कुणाच्या घरी गेलात तर हा क्रम पूर्णच होऊ द्या. आधी बसायला सांगतील. मग पाणी येईल. पाणी पिऊन झालं की घरातलं मोठं माणूस विचारेल, कसं येणं केलंत? तुम्ही का आला आहात हे त्यांना फोनवर आधीच सांगितलेलं असलं तरीही विचारतील. "तसं विशेष काही नाही, सगळं ठीक आहे" अशी सुरुवात करून मग मुद्द्यावर यायचं. गावच्या मुखियाकडे जायचं असेल तर स्थानिक माणसाला सोबत न्या. दक्षिणेत श्नॅप्स या दारूची बाटली देतात, उत्तरेत कोला नावाची कडवट बी. मुखियाशी थेट बोलत नाहीत, शेजारी त्याचा प्रवक्ता असतो, त्याच्यामार्फत बोलतात. त्याच्यापुढे पायावर पाय टाकून बसू नका.

डाव्या हाताचं आपल्याला वेगळं सांगायला नको असं वाटेल, पण तिथला नियम जेवणापुरता नाही. डाव्या हाताने पैसे देणं, वस्तू घेणं, रस्ता दाखवणं, लांबून कुणाला हात करणं, सगळंच वर्ज्य. उजव्या हातात पिशव्या असतील तर त्या खाली ठेवा आणि मगच पैसे द्या. अगदीच नाइलाज झाला तर "सॉरी फॉर लेफ्ट" म्हणतात.

रस्त्यात लक्ष वेधायला लोक "स्स्स्" असा आवाज काढतात. आपलं शुकशुकच ते, राग मानू नका. मुलं "ओब्रोनी! ओब्रोनी!" ओरडत मागे येतील. हा शब्द गोऱ्यांसाठी असला तरी भारतीयालाही लागू होतो. सावळ्या रंगाचा मराठी मुलगा पहिल्यांदा हे ऐकतो तेव्हा मागे वळून कोण गोरा आहे ते बघतो. हसून हात करा, उजवा. "आय ॲम कमिंग" म्हणत कुणी पाठ फिरवून निघून गेलं तर थांबा, तो परत येतोय. किती वेळाने, ते मात्र विचारू नका.

जेवण

इथे जरा रेंगाळतो, कारण शाकाहारी मुलं पहिल्या आठवड्यात बिस्किटांवर राहतात आणि त्याची काही गरज नसते.

सकाळी वाचे शोधा. भात आणि चवळी एकत्र शिजवतात आणि रंगासाठी त्यात ज्वारीची सुकी पानं घालतात, त्यामुळे भाताला तांबूस छटा येते. विकणारी बाई मोठ्या पातेल्यामागे बसलेली असते, पुढे रांग. आधी "माच्ये, आंटी". मग प्लेट मागायची नाही, रक्कम सांगायची: इतक्या सेडींचं द्या. ती रुंद पानावर भात घेते आणि चमचा हातात धरून विचारायला लागते. गारी हवी? म्हणजे कसावा नावाच्या कंदाचा भाजका रवा. तालिया? म्हणजे शेवया. शितो? अंडं? मासा? वेले? हे गाईचं कातडं असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. रश्श्यात मासे किंवा मांस असतंच, आणि शितो नावाच्या काळ्या तिखट चटणीत सुक्या माशांची नि कोळंबीची पूड असते. त्यामुळे शाकाहारी माणसाने वाचे, गारी आणि सोबत "पिअर" घ्यावं. तिथे पिअर म्हणजे ॲव्होकाडो.

"नो मीट" एवढं म्हटलंत तर मासा येईल, कारण मासा म्हणजे मांस असं कुणी धरत नाही. "नो मीट, नो फिश, नो शितो" असं तिन्ही म्हणा. त्याऐवजी काय? चवळीची उसळ आणि तळलेली पिकली केळी, याला रेड-रेड म्हणतात. उसळ आणि गारी, वरून पामतेल, हा विद्यार्थ्यांचा स्वस्त आधार, नाव गोबे. केलेवेले, म्हणजे आलं-मिरची लावून तळलेले केळ्याचे तुकडे, संध्याकाळी रस्त्याकडेला. सकाळी बाजरीची आलं घातलेली हौसा कोको नावाची पेज आणि सोबत कोसे, हे चवळी वाटून केलेले वडे. कोसे तर महाराष्ट्रात कुठेही खपतील. कोन्तोमिरे ही अळूच्या कुळातल्या पानांची भाजी पाहून जीव हरखतो, पण तिच्यात बहुतेक वेळा खारवलेला मासा पडलेला असतो, तेव्हा विचारून घ्या. उकडलेला याम नावाचा कंद किंवा कच्ची केळी कुठेही मिळतात.

मांस-मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. बांकू किंवा केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, आणि तळलेला मासा, शेंगदाण्याच्या रश्श्यात कोंबडी, उत्तरेत तुओ झाफी हा पिठाचा मऊ गोळा रश्श्यासोबत. आणि फुफू. कसावा आणि केळी उकडून उखळात कांडतात. एक जण मुसळ मारतो, दुसरी व्यक्ती दोन घावांच्या मध्ये हात घालून गोळा फिरवते. कुणाच्या घरी हे चाललं असेल तर जरूर पाहा, मदत करायला जाऊ नका. फुफू रश्श्यात बुडवलेला येतो, उजव्या हाताच्या बोटांनी छोटा घास तोडायचा आणि न चावता गिळायचा. चावणाऱ्याला सगळे हसतात. हाताने जेवण्याची आपली सवय इथे कामी येते. युरोपातून आलेली मुलं चमचा शोधत असताना तुम्ही वाडग्यात हात धुऊन सुरूही केलेलं असतं, आणि यजमानीण त्याची नोंद घेते.

जेवणारा माणूस तुम्हाला पाहून "यू आर इन्व्हायटेड" म्हणेल. ही रीत आहे. "थँक यू" म्हणून पुढे गेलात तरी चालतं. तुम्ही खात असाल तेव्हा मात्र तुम्हीही म्हणायला हवं. नुसतं मान खाली घालून खाणारा माणूस हावरट वाटतो.

पिण्याचं पाणी ५०० मिलीच्या प्लॅस्टिक पिशवीत, नाव "प्युअर वॉटर". कोपरा दाताने तोडायचा आणि चोखायचं. त्याआधी पिशवी पुसून घ्या.

ट्रोट्रो आणि बाकीची वाहनं

शहरातला प्रवास ट्रोट्रोने, म्हणजे जुन्या व्हॅनमधून. दाराशी लटकलेला पोरगा म्हणजे "मेट". तो ठिकाणाचं नाव तोडून तोडून ओरडतो: "सर्क-सर्क-सर्क" म्हणजे एन्क्रुमा सर्कल, "क्रा-क्रा-क्रा" म्हणजे अक्रा. हाताच्या खुणाही ठरलेल्या आहेत. बोट खाली करून गोल फिरवलं तर सर्कलला जाणार. नवख्याने खुणांच्या नादी लागण्याऐवजी थांब्यावरच्या बाईला विचारावं, विचारपुशीनंतर. ती नुसतं सांगत नाही, योग्य गाडी आली की तुम्हाला आत ढकलते.

पैसे पुढच्या माणसाच्या हातात द्यायचे, ते हातोहात मेटकडे जातात आणि सुटे तसेच परत येतात. मेट विसरला तर "मेट, माय बॅलन्स" म्हणा. उतरायचं असेल तर "बस स्टॉप" असं मोठ्याने. स्टेशनवरून सुटणारी गाडी भरल्याशिवाय हलत नाही, वेळापत्रक वगैरे प्रकार नाही.

टॅक्सीत बसण्याआधी भाव ठरवा. "ड्रॉपिंग" म्हटलं तर सगळी टॅक्सी तुमची, नाहीतर ती शेअर असते. मोठ्या शहरांत ॲपवरच्या गाड्या मिळतात. लहान गावांत तीनचाकी रिक्षा आहेत, आणि त्यांत पुण्याच्या बजाजच्या भरपूर. त्यांना "प्राग्या" म्हणतात. ट्वी भाषेत डब होऊन तिथे तुफान चाललेल्या 'कुमकुम भाग्य' या हिंदी मालिकेच्या नायिकेवरून हे नाव पडलं, असं सांगतात. तुम्ही भारतीय आहात कळल्यावर रिक्षावाला पुढचं कथानक विचारण्याची शक्यता आहे, तयारीने जा.

अक्रा ते कुमासी साधारण २५० किलोमीटर, उत्तरेला तमाले त्याच्या दुपटीहून लांब. असे प्रवास मोठ्या बसने आणि दिवसा करा. रात्रीचे महामार्ग धोक्याचे आहेत, कारण दिवे बंद असलेले ट्रक रस्त्यातच उभे असतात.

बाजार

अक्रात माकोला, कुमासीत केजेतिया. दोन्ही अवाढव्य, आणि दोन्हीकडे राज्य बायकांचं. तांदूळ, डाळी, गारी वजनावर नाही, "ओलोन्का" नावाच्या पत्र्याच्या डब्याने मापतात, आपल्या जुन्या पायलीसारखं. घासाघीस चालते, पण आपल्याकडच्यासारखी निम्म्यावरून सुरुवात करू नका. "आंटी, रिड्यूस स्मॉल" पुरेसं असतं. भाव फारसा उतरत नाही, त्याऐवजी "तो सो" म्हणा, म्हणजे वर थोडं घाल. दोन टोमॅटो जास्तीचे पडतात. एकाच बाईकडे नेमाने गेलात तर महिन्याभरात वेगळं मागावंही लागत नाही.

घर, वीज, पाणी

विद्यार्थ्यांनी पहिलं वर्ष तरी कॅम्पसवर किंवा विद्यापीठाशी जोडलेल्या वसतिगृहात काढावं. बाहेर घरमालक वर्षाचं, दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागतात. १९६३ च्या भाडे कायद्यानुसार सहा महिन्यांहून जास्त आगाऊ मागता येत नाही, पण कायदा दाखवून घर मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

वीज जाण्याला "दुमसोर" म्हणतात, बंद-चालू. मीटर प्रीपेड असतो, तेव्हा अंधार झाला की आधी मीटर बघा, मग सरकारला शिव्या द्या. पाणी छतावरच्या किंवा आवारातल्या टाकीत साठवतात. डिसेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून हरमॅटन वारा धूळ घेऊन येतो, ओठ फुटतात, घसा धरतो. उत्तरेतलं शिआचं लोणी बाजारात मिळतं, ते चोपडा. कुटुंबात राहत असाल तर अंतर्वस्त्रं स्वतः धुवा, ती दुसऱ्याच्या हाती देणं गलिच्छ समजलं जातं. पहाटे झाडूचा आवाज, कोंबडे आणि प्रार्थनेचा भोंगा, तिन्ही झोप मोडतील. कानात घालायचे बोळे न्या.

व्होल्टा सरोवरात किंवा संथ पाण्यात डुंबू नका, बिलहार्झियाचा, म्हणजे पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या जंतांच्या रोगाचा, धोका असतो. समुद्रही बेभरवशाचा आहे, ओढ जबरदस्त. तातडीच्या मदतीसाठी फोन ११२. जुबिली हाउस (राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय), विमानतळ, लष्करी जागा यांचे फोटो काढू नका.

भारतीय म्हणून काय विचारतील

भारताबद्दल जिव्हाळा आहे. उत्तरेत हिंदी सिनेमे पाहत मोठे झालेले लोक भेटतात. अक्रात घानाच्याच माणसाने, स्वामी घनानंद सरस्वतींनी उभा केलेला हिंदू मठ आहे. मेल्कॉम ही भारतीय वंशाच्या कुटुंबाची दुकानांची साखळी देशभर आहे, कुकर तिथे मिळतो.

पण अवघड प्रश्नही येतात आणि ते टाळू नयेत. लेगॉनच्या घाना विद्यापीठात २०१६ साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते गांधीजींचा पुतळा बसला. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या काळात त्यांनी कृष्णवर्णीयांबद्दल जे लिहिलं, त्यावरून प्राध्यापकांनी नि विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो हलवला गेला. लेगॉनला शिकायला जाणाऱ्या भारतीयाला याबद्दल कुणी ना कुणी विचारतंच. गांधीजींच्या बचावाला धावून जाण्याआधी त्या लिखाणाबद्दल वाचून जा आणि ऐकून घ्या. तसंच, पुण्यात शिकून गेलेला एखादा पदवीधर भेटू शकतो, ज्याला घर देताना मालकाने रंग पाहून दार लावलेलं असतं. तेव्हा "आमच्याकडे असं काही नसतं" हे वाक्य गिळून टाका. आणि आपापसात मराठीत बोलतानाही "काळे", "हबशी" असे शब्द नकोत. ते चुकीचे आहेतच, शिवाय सूर कुठल्याही भाषेत कळतो.

"तू कोणत्या चर्चमध्ये जातेस?" हा प्रश्न खोचक नसतो. २०२१ च्या जनगणनेत ७१ टक्के लोक ख्रिस्ती आणि सुमारे २० टक्के मुस्लिम होते, आणि धर्म विचारणं हे आपल्याकडे गाव विचारण्याइतकंच सहज आहे. "मी हिंदू आहे" सांगा, रविवारी बोलावलं तर एकदा जाऊन या, नाच-गाणं मस्त असतं. लग्नाच्या मागण्याही भर रस्त्यात येतात. निम्म्या थट्टेच्याच असतात, तेव्हा थट्टेनेच उडवा: "हुंडा किती गायी?" वगैरे नको, "घरी विचारून सांगते" पुरतं.

अंत्यविधी

आमंत्रण लग्नापेक्षा अंत्यविधीचं जास्त येईल, बहुधा शनिवारी. जा. काळे किंवा काळे-लाल कपडे, खूप वृद्ध माणूस गेला असेल तर काळा-पांढरा. मंडप, लाउडस्पीकर, शेकडो माणसं. आत गेल्यावर पहिल्या रांगेतल्या सगळ्यांशी उजवीकडून हात मिळवत जायचं. मग एका टेबलावर पैसे द्यायचे, तिथे पावती मिळते आणि तुमचं नाव नि रक्कम माइकवरून जाहीर होते. थोडेच द्या, पण रिकाम्या हाताने जाऊ नका.

अक्रात गा लोकांच्या होमोवो सणाआधी, साधारण मे-जूनमध्ये, महिनाभर ढोल आणि मोठ्या आवाजाला बंदी असते. वाढदिवसाचा गोंगाट त्या काळात ठेवू नका.

स्वयंसेवकांसाठी थोडं वेगळं

अनाथाश्रमातलं काम शक्यतो घेऊच नका. अशा ठिकाणच्या अनेक मुलांचे आईवडील किंवा नातेवाईक हयात असतात, आणि घाना सरकारचं धोरणही मुलं कुटुंबात ठेवण्याकडे आहे. दर महिन्याला नवा परदेशी येऊन जीव लावतो आणि निघून जातो, याचं ओझं मुलांवरच पडतं. शाळा, दवाखाना, शेती, हिशेब, संगणक यांत मदत करा, आणि जिथे तुमचा वरिष्ठ घानाचाच माणूस आहे अशी जागा निवडा. पैसे भरून जात असाल तर त्यातले किती त्या शाळेला पोहोचतात हे विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की दुसरी संस्था बघा.

पहिले दोन आठवडे सुधारणा सुचवू नका. बैठक उशिरा सुरू झाली, प्रार्थनेने सुरू झाली, तरी बसा. तोंडावर "नाही" सहसा कुणी म्हणत नाही. "देवाच्या कृपेने होईल" असं उत्तर मिळालं तर दोन दिवसांनी पुन्हा जा, पुन्हा तब्येत विचारा, मग कामाची आठवण करा. मुलांचे फोटो शिक्षकांना आणि पालकांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, इन्स्टाग्रामवर तर नाहीच.

पैसे मागणारे भेटतील, वस्तू मागणारेही. "हा फोन जाताना मला देशील ना?" यात लाज नाही, आणि नाही म्हणण्यातही नाही. "पुढच्या वेळी" म्हणून हसलात की विषय संपतो. ज्याला खरंच काही द्यायचं आहे त्याला चारचौघांत देऊ नका.

परतताना एक दिवस फक्त निरोपासाठी ठेवा. मुख्याध्यापक, घरमालकीण, वाचेवाली, शेजारचे आजोबा, प्रत्येकाकडे जाऊन बसायचं, पाणी प्यायचं आणि जाण्याची परवानगी मागायची. न सांगता गेलेल्या माणसाबद्दल मागाहून बरंच बोललं जातं, आणि ते तुमच्यानंतर येणाऱ्या स्वयंसेवकाला ऐकावं लागतं. मोमोतले उरलेले पैसे त्याआधीच काढून घ्या, विमानतळावर शोधाशोध करत बसू नका.